‘कुठलं ऑइल टाकतोस?’

जुनी पेट्रोल गाडी बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘अजून विकली नाहीस?’ हा पहिला, आणि त्याला उत्तर नको असतं. दुसरा प्रश्न ‘ऑइल कुठलं टाकतोस?’ याचं उत्तर विचारणाऱ्याकडे आधीच तयार असतं. गॅरेजवाला सांगतो, गाडीचं वय झालं, आता घट्ट ऑइल टाका, ट्वेंटी-फिफ्टी. ऑफिसातला मित्र सांगतो, फुल्ली सिंथेटिकच टाक, तिथे पैसे वाचवू नकोस. सोसायटीतले निवृत्त काका बजावतात की सिंथेटिक टाकलं की जुन्या गाडीची सगळी सीलं गळायला लागतात. आणि अमेरिकन व्हिडिओ बघून आलेला एखादा चुलतभाऊ झिंक कमी पडतंय म्हणून काळजी करतो. या चौघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. तरी मला चौघांशीही भांडायचं आहे, कारण अगदी योग्य ऑइल निवडून मी एक चांगलं चालणारं इंजिन मारलेलं आहे.

गाडी आईची. २००१ सालची मारुती झेन, ९९३ सीसी, चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचं इंजिन. आई साताऱ्याजवळ एका खेड्यातल्या शाळेत शिकवायची आणि एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी कधीच जुळल्या नाहीत म्हणून तिने ही गाडी घेतली. वीस वर्षं रोज तीच चालवली. २०२२ साली तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी पुण्याला माझ्याकडे आली. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणजे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांसारखा सॉफ्टवेअरमध्ये आहे. पगार मिळतो तो इतरांच्या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा लिहिण्याबद्दल. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी त्यावरून शोभा होणार आहे.

गाडी हातात आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर एक एक्सेल शीट उघडली आणि तीन संध्याकाळी ऑइलचा अभ्यास केला. तो अभ्यास वाया जाऊ नये म्हणून आधी तेवढा मांडतो.

डब्यावरच्या आकड्यांपासून सुरुवात करू. २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू म्हणजे वेट नव्हे, विंटर. एसएई या संस्थेच्या जे-३०० नावाच्या मानकात या आकड्यांच्या व्याख्या दिलेल्या आहेत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. इतक्या गारठ्यात स्टार्टरला इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल पातळ आहे का, एवढंच बघतात. साताऱ्यात उणे तीस अंश कधी झाले तर मला जरूर कळवा. म्हणजे पहिल्या आकड्यावरून आपल्याकडे होणारी अर्धी भांडणं खरं तर सैबेरियातली आहेत. अर्धीच म्हणतो, कारण डिसेंबरात पहाटे दहा अंशांना गाडी सुरू केली तर २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-४० पेक्षा चांगलंच दाट असतं आणि वरच्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लावतं. इंजिनाची बरीचशी झीज या पहिल्या थंड मिनिटांत होते.

दुसरा आकडा गरम इंजिनातला. १०० अंशांना दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान राहिला तर ४०, त्यापुढे २१.९ पर्यंत ५०. याशिवाय आणखी एक मोजणी असते, जी डब्यावर छापत नाहीत. १५० अंश तापमानाला, बेअरिंगमध्ये ऑइल जसं दोन पत्र्यांत रगडलं जातं तसं रगडून त्याचा दाटपणा मोजतात. ३० ग्रेडच्या ऑइलला तिथे किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद गाठावे लागतात, १०डब्ल्यू-४० ला ३.५, आणि १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ला ३.७. माझ्या मते जुन्या गाडीसाठी महत्त्वाचा आकडा हाच. हल्लीच्या नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ देतात. ती इंजिनं त्या पातळ ऑइलसाठीच घडवलेली असतात आणि पेट्रोल वाचवणं हा त्यामागचा मुख्य हेतू असतो. ‘नवीन ते चांगलं’ म्हणून तेच ऑइल २००१ सालच्या गाडीत ओतणं म्हणजे आजोबांना नातवाचा चष्मा लावणं.

आता घट्ट ऑइलवाले. त्यांची समजूत अशी की इंजिन जुनं झालं की आतल्या फटी वाढतात आणि दाट ऑइलने त्या बुजतात. ही समजूत दिसते तितकी अडाणी नाही, पण ऑइल काम कसं करतं हे ती विसरते. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या ॲक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने ऑइल घालण्यासाठी भोक पाडलं, तर फिरत्या ॲक्सलमुळे उलट त्यातूनच ऑइल वर यायला लागलं. त्याने बूच लावलं. बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे दाबमापक लावला तेव्हा कळलं की बेअरिंगवर जेवढा सरासरी भार आहे त्याहून कितीतरी जास्त दाब त्या ऑइलच्या पातळ पडद्यात तयार होतोय. टॉवरचा अहवाल १८८३ चा, आणि १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं. मशीन डिझाइनच्या पेपरात आम्ही सोडवायचो तो समरफेल्ड नंबर याच घराण्यातला.

म्हणजे क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकलेला नसतो. तो ऑइलवर तरंगत असतो, आणि त्याला तरंगवणारा दाब त्याच्या स्वतःच्या फिरण्यातून येतो. पंपाने फक्त तिथवर ऑइल पोचवायचं. हा पडदा काही मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो. दाटपणा वाढवला की पडदा जाड होतो हे खरं, पण घर्षणही वाढतं, त्याने ऑइल तापतं, आणि तापलं की ते पुन्हा पातळ होतं. ‘जितकं घट्ट तितकं चांगलं’ हे या गणितात कुठेच बसत नाही. शिवाय जुनी गाडी ऑइल खाते ती बहुतेक वेळा या बेअरिंगांमुळे खातच नाही. व्हॉल्व्हवरची रबरी सीलं कडक होतात, पिस्टनच्या ऑइल रिंगा काजळीने चिकटून बसतात, आणि ऑइल वर जाऊन पेट्रोलबरोबर जळतं. ट्वेंटी-फिफ्टी टाकलं की निळा धूर थोडा कमी दिसतो. मे महिन्यात अकोल्याला, दोन लाख किलोमीटर झालेल्या आणि इंजिन उघडायचं नाही असं ठरलेल्या गाडीत कुणी ट्वेंटी-फिफ्टी टाकलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. गाडी वीस वर्षांची झाली, एवढं एकच कारण मात्र पुरेसं नाही.

सिंथेटिक या शब्दाबद्दल. त्याचा अर्थ प्रयोगशाळेत रेणू जोडून बनवलेलं ऑइल असा होता, किंवा आपण तसा समजत होतो. जमिनीतून निघालेलं खनिज तेलच हायड्रोजनच्या मदतीने फार निगुतीने शुद्ध केलं की जे होतं त्याला ग्रुप तीन म्हणतात. त्याला सिंथेटिक म्हणायचं की नाही यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला, आणि १९९९ साली जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या संस्थेने ‘म्हणता येईल’ असा कौल दिला. तेव्हापासून डब्यावरचा हा शब्द रसायनशास्त्राचा कमी आणि बाजाराचा जास्त आहे. यात कुणी फसवतंय असं मी म्हणत नाही. ग्रुप तीनचं ऑइल उत्तम असतं, उष्णतेत लवकर खराब होत नाही. पण ‘सिंथेटिक आहे’ एवढ्या दोन शब्दांनी काही सिद्ध होत नाही. काकांच्या सीलांचंही तेच. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक ऑइलांनी सीलं आकसायची, हे बरोबर. आजच्या ऑइलात त्याची काळजी घेतलेली असते. वीस वर्षांचं कडक झालेलं सील गळतं ते कडक झालं म्हणून; भेगेत साचलेला काळा मळ ताज्या ऑइलने धुऊन निघाला की आधीपासून असलेली गळती दिसायला लागते, इतकंच.

झिंकवाल्या भावाला मी थोडक्यात वाटेला लावतो. झिंक आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी नावाचं रसायन ऑइलमध्ये झीज रोखायला घालतात, आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं म्हणून २००४ च्या सुमारास एपीआय एसएम श्रेणीपासून फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यावर आणली. ही मर्यादा पातळ ग्रेडांसाठी आहे, ४० साठी नाही. आणि ज्यांचे कॅम त्यापायी घासले गेले त्या गाड्या म्हणजे मुख्यतः कडक स्प्रिंगांची, सपाट टॅपेटची जुनी अमेरिकन व्ही-एट इंजिनं. आपल्या हजार सीसीच्या गरीब जनावरावर ती भीती लादू नका.

एवढं सगळं वाचून, पडताळून, एक्सेलमध्ये रंग भरून मी ५डब्ल्यू-४० फुल्ली सिंथेटिक घेतलं. एपीआय एसएन. ग्रेड बरोबर, श्रेणी गाडीच्या काळापेक्षा कितीतरी वरची, डबा खात्रीच्या दुकानातला, फिल्टर कंपनीचा. आजही त्या निवडीत मला चूक दाखवता येत नाही. दुकानदार म्हणाला, आता पंधरा हजार किलोमीटर बघायला नको. मला ते वाक्य फार आवडलं.

ऑगस्ट २०२२ ची ही गोष्ट. त्यानंतर जवळजवळ दर शनिवारी मी साताऱ्याला जात होतो. आई दोन-तीनदा म्हणाली, ‘ऑइल बघतोस ना रे?’ मी म्हणालो, ‘आई, सिंथेटिक आहे ते. पंधरा हजारपर्यंत बघायची गरज नाही.’ ती गप्प बसली. मुलगा इंजिनिअर आहे म्हटल्यावर आई काय बोलणार.

मे २०२३ मध्ये खंबाटकी घाट चढताना एका वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा. मला वाटलं वायर सैल झाली असेल. (नऊ महिने ज्याने बॉनेट उघडलं नाही त्याला वायरीचा संशय मात्र लगेच येतो.) तिसऱ्या वळणावर दिवा लागला तो लागलाच, आणि इंजिनाच्या खालच्या अंगाने ठक-ठक-ठक असा आवाज सुरू झाला. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. मागचे ट्रक शिव्या देत वळसा घालून गेले. पट्टी काढली. तिच्या टोकाला काही नव्हतं.

ती पट्टी म्हणजे डिपस्टिक. आई तिला पट्टी म्हणते. दोन खुणा असतात, वरची आणि खालची, आणि त्यांच्यात साधारण एक लिटरचं अंतर. साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल मावणाऱ्या इंजिनात त्या दिवशी लिटरभर निघालं. वळणावर ते थोडंसं ऑइल एका बाजूला जायचं, पंपाच्या तोंडाशी हवा यायची, दिवा लुकलुकायचा. साताऱ्याच्या गॅरेजात खालचा चेंबर उघडला तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची चंद्रकोरीसारखी पट्टी माझ्या हातात ठेवून मिस्त्री म्हणाले, ‘बघा, ऑइल एक नंबर होतं हो. नव्हतं एवढंच.’

आईने वही काढली. शाळेच्या जुन्या टाचणवहीची मागची पानं. दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन गार असताना, पट्टी पुसून पुन्हा घालून बघायची आणि लिहायचं: तारीख, किलोमीटर, पट्टी कुठवर, किती टाकलं. शेवटची तीन वर्षं हजार किलोमीटरला तीनशे मिली ऑइल लागत होतं, इकडेतिकडे वीस-तीसचा फरक. मी चालवलं सात हजार चारशे किलोमीटर. गुणाकार करा. मी तिथेच, बाकावर बसून केला. उत्तर दोन लिटर दोनशे वीस मिली आलं. गाडीने कसलीही दगाबाजी केली नव्हती, ती तिच्या हिशोबाने अगदी वक्तशीर ऑइल खात होती. तो हिशोब लिहूनही ठेवलेला होता. फक्त मी गाडीबरोबर वही आणली नव्हती.

माझं पोटापाण्याचं काम काय, ते वर सांगितलंय. ऑफिसात मी नव्या मुलांना शिकवतो की सर्व्हर मेल्यावर वाजणारा अलार्म हा अलार्म नव्हे, पंचनामा असतो. डिस्क भरत चालल्याचं आठवडाभर आधी कळायला हवं. ऑइलचा लाल दिवा हा तसा पंचनामा आहे. तो ऑइल किती उरलंय हे दाखवतच नाही. ऑइलचा दाब अगदी तळाला गेला की लागतो, आणि तोवर बेअरिंगांचं जे व्हायचं ते होऊन चुकलेलं असतं. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर आकृती काढून दाखवली असती.

म्हणून माझा राग कुठल्या ग्रेडवर नाही. तो ‘कुठलं ऑइल?’ या प्रश्नाला आपण जे स्थान दिलंय त्यावर आहे. या प्रश्नावर तासन्‌तास बोलतात ते सगळे लोक, मी धरून, एका गोष्टीबद्दल गप्प असतात: ऑइल आत्ता किती आहे? कारण ऑइल निवडणं ही खरेदी आहे, आणि खरेदी आपल्याला छान जमते. तुलना करायची, वाचायचं, थोडे जास्त पैसे मोजायचे, आणि जास्त मोजले म्हणजे काळजी घेतली असं स्वतःला सांगायचं. माझ्या पिढीच्या, माझ्या पगाराच्या लोकांना ही सवय इतकी अंगवळणी पडलीय की आईवडिलांसाठी महागातली आरोग्य पॉलिसी घेतली की आपण महिनाभर फोन न करायला मोकळे होतो. पट्टी बघायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ती बघितल्याचं समाधानही कुठे विकत मिळत नाही. हात काळे होतात, चिंधी लागते, आणि चाळीस रविवार काहीच घडत नाही.

आणि हे सोयीचंही असतं. पंधरा हजार किलोमीटर चालणारं ऑइल म्हणजे पंधरा हजार किलोमीटर टिकणारं ऑइल. खराब न होणारं. ते जळणार नाही, गळणार नाही असं कुणी कबूल केलेलं नसतं. काही जर्मन गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं असं सरळ लिहिलेलं असतं, आणि त्यातल्याच काही गाड्यांतून पट्टी काढून टाकून पडद्यावर आकडा दाखवतात. असो. ज्यांना ती गाडी परवडते त्यांना इंजिनही परवडेल.

गॅरेजवाल्यांनाही सोडत नाही. ऑइल बदलताना बाहेर निघालेलं जुनं ऑइल किती भरलं, हे किती जण मोजतात? तीन लिटर टाकलं आणि दीड निघालं, तर ती सगळ्यात महत्त्वाची बातमी असते, आणि ती थेट ड्रममध्ये ओतली जाते. त्याऐवजी बोटांवर चोळून ‘काळं झालंय, बदलायला हवं’ असं सांगतात. ऑइल काळं होणारच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. आणि डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन ‘धुऊन’ देणाऱ्यांकडे गाडी नेऊ नका, एवढंच म्हणतो. त्यातलं थोडं आत राहतंच आणि नव्या ऑइलला पातळ करतं.

एवढं भांडून झाल्यावर ‘मग टाकायचं कुठलं?’ हे न सांगणं लबाडी होईल. जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बहुधा एक ग्रेड नसतो, तापमानाचा तक्ता असतो आणि त्यावर चार-पाच आडव्या पट्ट्या. आपल्या हवेला चालेल असा, गरम बाजूला ४० असलेला ग्रेड त्यातून घ्यायचा. दुकानात गेलात की नवीच अडचण येते. फळीवरचं ट्वेंटी-फॉर्टी बहुतेक मोटरसायकलचं असतं, त्यावर जासो एमए लिहिलेलं असतं. ते ओल्या क्लचसाठी बनवलेलं. फिफ्टीन-फॉर्टी मागितलं तर ट्रकचं डिझेल ऑइल पुढे येतं. डबा फिरवून मागे बघा. एपीआयच्या पुढे एसएल, एसएम, एसएन, एसपी यातलं काही लिहिलेलं असेल तर ते पेट्रोलसाठी पास झालेलं आहे, सोबत सीआय-४ वगैरे असलं तरी हरकत नाही. ‘एस’ने सुरू होणारं काहीच नसेल तर परत द्या. नवीन श्रेणी जुन्या गाडीला चालते. एसजी-एसएफच्या काळातलं ऑइल शोधत फिरू नका. खनिज की सिंथेटिक हे खिशाकडे बघून ठरवा. हजाराला तीनशे मिली जळणाऱ्या गाडीत महाग ऑइल जाळण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

बदलायचं कधी, हे मात्र आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचं झालंय. २०३० पर्यंत गाठायचं म्हणून ठरवलेलं पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट सरकारने २०२५ वर आणलं आणि आता पंपावर मिळतं ते हेच पेट्रोल. २००१ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी ओढतं, गार इंजिनात नीट उडत नाही, आणि रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत जळायचं राहिलेलं पेट्रोल आणि पाणी हळूहळू खाली ऑइलमध्ये उतरतं. भाजी आणण्यापुरती बाहेर निघणारी जुनी गाडी असेल तर माझ्या हिशोबाने पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. आणि पंधरवड्यातून एकदा तिला अर्धा-पाऊण तास हायवेवर घेऊन जा. ऑइल पूर्ण तापलं की त्यातलं पाणी उडून जातं. पट्टीवरची पातळी ऑइल न टाकताच वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ते पेट्रोल आहे, किंवा कूलंट.

आमच्या गाडीचं इंजिन खाली उतरवलं. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगं, रिंगा, व्हॉल्व्हची सीलं, मजुरी, सगळं मिळून एकेचाळीस हजार. त्याच आठवड्यात एका दलालाने गाडीचे पस्तीस देऊ केले होते. मी आईला म्हणालो, तू म्हणशील तसं. आई म्हणाली, ‘माझी आहे ती. कर.’ पैसे मी दिले, त्यावर आमच्यात चर्चा झाली नाही. गाडी परत मिळाल्यावर पहिले हजार किलोमीटर तिने मला सत्तरच्या वर जाऊ दिलं नाही, शेजारच्या सीटवर गुडघा लांब करून काट्याकडे बघत बसायची.

सध्या गाडीत १५डब्ल्यू-४० आहे, मधल्या किमतीचं, खनिज. मिस्त्री अजूनही ट्वेंटी-फिफ्टी म्हणतात आणि मी अजूनही नाही म्हणतो. २०२६ मध्ये पासिंग आहे. पुढची पाच वर्षं मिळतील असं त्यांना वाटतं. वही आता डॅशबोर्डच्या खणात असते. नवीन पानावर आईने स्वतःच्या अक्षरात रकाने आखून दिलेत, पट्टी टेकवून. कालच्या रविवारची नोंद: १,७१,२६०. वरच्या खुणेखाली दोन मिलिमीटर. टाकलं नाही.